पाणी पीत नाहीत म्हणून रागावण्याआधी मोरी किती लांब आहे ते बघा

ताई, तुम्ही विचारलंय की सासूबाई ७४ वर्षांच्या, बीपी आणि शुगर दोन्हीच्या गोळ्या चालू, दिवसभरात जेमतेम तीन-चार फुलपात्रं पाणी पितात, कितीही सांगा ऐकत नाहीत. मिस्टर जिमला जातात, ते रोज पाच-सहा लिटर पितात आणि घरातल्या सगळ्यांनी तेवढं प्यावं म्हणून मागे लागतात. तुम्ही स्वतः शाळेत शिकवता, सकाळी सातला निघाल्यापासून दुपारी दोनपर्यंत पाण्याला हात लागत नाही आणि वर्षभरात तीनदा युरीन इन्फेक्शन झालंय. नणंद बाळंतपणाला आलीय, तिच्या चार महिन्यांच्या बाळाला उन्हाळ्यात पाणी पाजायचं की नाही यावरून घरात दोन पक्ष पडलेत. आणि शेवटी, रोज आठ ग्लास पाणी प्यायलाच हवं म्हणतात ते खरं आहे का. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एकतीस वर्षं जनरल प्रॅक्टिस करतेय, दर मे महिन्यात ओपीडीत हाच विषय असतो, तेव्हा जरा सविस्तर लिहिते, आणि सगळ्यात जास्त सासूबाईंबद्दलच लिहिणार आहे कारण तुमच्या घरात खरा धोका त्यांना आहे.

आठ ग्लासचं आधी उरकून टाकते. १९४५ साली अमेरिकेतल्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डानं मोठ्या माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं असं लिहिलं होतं, आणि तिथेच पुढे असंही लिहिलं होतं की यातलं बरंचसं पाणी रोजच्या अन्नातूनच मिळतं. पहिलं वाक्य जगभर पोचलं, हे दुसरं तिथंच राहिलं. आपल्या जेवणात पाणी केवढं असतं बघा, शिजलेल्या भातात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी, काकडीत पंच्याण्णव, कलिंगडात नव्वदच्या वर, शिवाय आमटी, ताक, कढी, चहा. हैदराबादच्या एनआयएनचं, म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेचं मार्गदर्शन निरोगी माणसाला रोज साधारण दोन लिटर पाणी प्यायला सांगतं आणि कडक उन्हात किंवा अंगमेहनत असेल तर जास्त. हा आकडा अंदाजाला चांगला आहे. पण ग्वाल्हेरच्या मे महिन्यात कोणी दोन लिटरवर थांबला तर पुरत नाही, आणि जानेवारीत घरात स्वेटर घालून बसलेल्या माणसाला तेवढं नाही प्यायलं तरी काही होत नाही. म्हणून पेशंटला मी आकडा शेवटी सांगते, आधी विचारते तुम्ही दिवसभर कुठे असता आणि तिथे बाथरूम कुठे आहे.

आता आपल्या इथल्या उन्हाळ्याची एक गोष्ट समजून घ्या, कारण मुंबईपुण्याचे नातेवाईक फोनवर जे सांगतात ते इथे लागू पडत नाही. मुंबईत घाम गळतो, शर्ट भिजतो, माणसाला कळतं की आपलं पाणी चाललंय. आपल्याकडे नौतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, लू (गरम वारा) सुरू झाली की हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसायच्या आतच उडून जातो. पेशंट मला सांगतात मॅडम घाम तर येतच नाही हो, आणि गळपट्टीवर पांढरे मिठाचे डाग असतात! घरातला कूलर आठवा, मे महिन्यात कूलर काय मस्त चालतो आणि जुलैत तोच कूलर नुसती दमट हवा फेकतो. का, तर मे महिन्यात हवा कोरडी असते म्हणून पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. आपलं अंगही अगदी हेच करतं, एक लिटर घाम उडाला की शरीरातली जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. म्हणजे ज्या दिवसांत कूलर झकास चालतो त्याच दिवसांत तुमचं अंग सगळ्यात जास्त सुकत असतं, आणि कूलरची टाकी रिकामी झाली की आवाज बदलतो म्हणून आपण उठून पाइप लावतो, अंगाचं तसं नाही ना.

अंगाचा आवाज म्हणजे तहान. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस म्हणून भाग आहे, तिथल्या पेशी रक्तातल्या क्षारांचं प्रमाण सतत तपासत असतात. ते नुसतं एक-दोन टक्क्यांनी वाढलं तरी दोन कामं होतात, तहान लागते आणि एडीएच नावाचं हार्मोन सुटतं, ते किडनीला सांगतं की पाणी धरून ठेव. तरुण निरोगी माणसात ही यंत्रणा इतकी चोख असते की त्यानं तहान लागेल तसं पाणी प्यायलं तरी एरवी पुरतं. पण वय वाढलं की ही घंटा हळू वाजायला लागते. १९८४ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी निरोगी तरुण आणि निरोगी म्हाताऱ्या पुरुषांना चोवीस तास पाण्याविना ठेवलं आणि मग हवं तेवढं पाणी समोर ठेवलं. म्हाताऱ्यांच्या रक्तात क्षार जास्त वाढले होते, तरी त्यांना तहान कमी वाटत होती आणि पाणीही ते कमीच प्यायले. हे आजारी लोक नव्हते बरं का. म्हणजे सासूबाई जेव्हा म्हणतात मला तहानच नाही, तेव्हा त्या हट्ट करत नाहीयेत, त्यांना खरंच तहान जाणवत नाहीये. त्यात किडनीची पाणी धरून ठेवायची ताकद वयाबरोबर कमी होते आणि अंगातला पाण्याचा साठाही तरुणपणापेक्षा कमी असतो, त्यामुळे तेवढीच तूट त्यांना लवकर बाधते.

पण हे झालं पुस्तकातलं. मला जे खरं कळलं ते एका आजींमुळे कळलं.

काही वर्षांपूर्वी, जूनचा महिना, निर्जला एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतगंजातून एका आजींना रिक्षात घालून आणलं. मुलगा घाबरलेला, म्हणे रात्रीपासून काहीतरीच बडबडतायत, मला माझ्या मामाच्या नावानं हाक मारतायत, पॅरालिसिस झालाय का बघा. हातपाय दोन्हीकडचे सारखे हलत होते, चेहरा वाकडा नव्हता. जीभ बाहेर काढा म्हटलं तर जीभ टाळूला चिकटलेली, ती सुटताना आवाज आला, तो अजून माझ्या कानात आहे. जीभ कोरडी ठणठणीत आणि मधोमध खोल चिरा. काखेत हात घातला तर जूनच्या उकाड्यात काख कोरडी. झोपून बीपी ११०, आणि दोघांनी धरून बसवलं तर ८०. गोळ्यांची पिशवी बघितली तर बीपीच्या गोळीत पाणी काढणारं औषध, आणि शुगरची जी नवी गोळी सुरू झाली होती ती लघवीवाटे साखर टाकणारी, म्हणजे तीही पाणी घेऊनच जाणार. उपास केला पण गोळ्या चुकवल्या नाहीत, दोन्ही गोळ्या एक घोट पाण्याबरोबर घेतल्या कारण डॉक्टरांनी सांगितलंय गोळी चुकवायची नाही. तो डॉक्टर म्हणजे मीच. लगेच हॉस्पिटलला पाठवलं, क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, म्हणजे किडनीवर ताण आलेला, दोन दिवस सलाइन चाललं आणि तिसऱ्या दिवशी आजी मुलाला त्याच्या नावानं हाक मारून चहा मागत होत्या.

घरचे सगळे म्हणत होते उपासामुळे झालं. मलाही तसंच वाटलं. आठवड्यानं त्या फेरतपासणीला आल्या, मी सुनेला बाहेर पाठवलं आणि आजींना सरळ विचारलं, एरवी तरी पाणी किती पिता. त्या आधी काही बोलल्या नाहीत, मग हळूच म्हणाल्या, बाई, आमचा वाडा जुना, मोरी आणि संडास खाली, जिना चौदा पायऱ्यांचा. रात्री दोनदा उठायला लागलं की सून उठते, ती सकाळी नोकरीला जाते. एकदा पाय घसरला तेव्हापासून मी दुपारी चारनंतर पाणी घेतच नाही. आणि दिवसा? तर म्हणाल्या दिवसापण जपूनच, साडी सोडवेपर्यंत धीर निघत नाही कधीकधी, कोणासमोर फजिती नको.

म्हणजे उपास एका दिवसाचा होता, पण पाणी तोडणं चार वर्षांपासून चालू होतं! आणि या चार वर्षांत मी दर महिन्याला त्यांना भरपूर पाणी प्या असं सांगत होते, त्या मान हलवत होत्या.

तेव्हापासून मी भरपूर पाणी प्या हे वाक्य बोलणंच सोडलं. त्याऐवजी विचारते, रात्री किती वेळा उठावं लागतं, बाथरूम कुठे आहे, तिथे दिवा आहे का, धरायला काही आहे का, पोचेपर्यंत थेंब सुटतात का. बायका हे मुलासमोर कधीच सांगत नाहीत, पुरुषही प्रोस्टेटचा त्रास सुनेसमोर सांगत नाहीत. शंभरातले किती हे मी मोजलेलं नाही पण माझ्या टेबलासमोर बसणारी कमी पाणी पिणारी म्हातारी माणसं विसरतात म्हणून कमी पीत नाहीत, घाबरतात म्हणून कमी पितात. लघवी न धरता येणं हा वेगळा इलाज करायचा आजार आहे, त्यासाठी औषधं आहेत, व्यायाम आहेत, कधीकधी नुसतं इन्फेक्शन असतं, कधी शुगर वाढलेली असते. ते सोडून आपण पाण्यावरून रागावत बसतो.

तर सासूबाईंसाठी काय करायचं ते सांगते. आधी हे सगळं त्यांना एकटीला, शांतपणे विचारा, तुम्ही नाही तर नणंदेला विचारू दे, लेकीला सांगतात बायका. मोरीपर्यंतच्या वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा, भिंतीला धरायला दांडी, आणि जिना उतरावा लागत असेल तर खोलीत कमोडची खुर्ची. मेडिकल स्टोअरमध्ये मिळते, सुरुवातीला सगळ्यांनाच संकोच वाटतो, पंधरा दिवसांनी कोणाला काही वाटत नाही. पाण्याचा मोठा हिस्सा सकाळी उठल्यापासून संध्याकाळी सहापर्यंत संपवायचा, नंतर फक्त लागेल तेवढं, म्हणजे रात्रीचं उठणं कमी होईल. पाणी काढणारी गोळी संध्याकाळी घेत असतील तर डॉक्टरांना विचारून सकाळी घ्यायची, एवढ्या एका बदलानं किती घरांत रात्री शांत झाल्यात.

माप म्हणाल तर एकदा त्यांचं फुलपात्र मापाच्या भांड्यात ओतून बघा, बहुतेक दीडशे मिलीच्या आसपास भरेल. म्हणजे चार फुलपात्रं म्हणजे सहाशे मिली, हे आपल्या उन्हाळ्यात फारच कमी झालं. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या मार्गदर्शनात वयस्कर बाईला सगळी पेयं मिळून दिवसाला किमान १.६ लिटर आणि पुरुषाला २ लिटर सांगितलंय, तेही तिकडच्या हवेत. हे सगळं नुसतं पाणीच असायला हवं असं नाही, सकाळचे दोन चहा धरा, पातळ ताक धरा, वरणाचं पाणी धरा, शहाळं मिळालं तर शहाळं (किडनीचा त्रास नसेल तरच, त्यात पोटॅशियम खूप असतं), कैरीचं पन्हं धरा पण त्यांना शुगर आहे तेव्हा गूळ-साखर अगदी नावाला. दौलतगंजच्या आजींच्या घरी आम्ही असं केलं की रोज सकाळी माठातून भरलेला एक तांब्या त्यांच्या खाटेशेजारी, झाकण आणि फुलपात्रासकट, तो दुपारच्या झोपेआधी रिकामा झाला पाहिजे, मग अर्धा परत भरायचा. नातू शाळेतून आला की आधी तांब्यात डोकावायचा. मोजायला सोपं आणि सारखं सारखं टोकायला नको. गोळ्यांबरोबर एक घोट नाही तर पूर्ण फुलपात्र, एवढं केलं तरी दिवसाला दोन-तीन फुलपात्रं वाढतात.

एक मोठी सूचना इथेच. सासूबाईंना हार्ट फेल्युअर, किडनीचा जुना आजार किंवा लिव्हरमुळे पोटात पाणी असं काही असेल तर वरचं काहीही स्वतःच्या मनानं करू नका. त्यांच्यात पाण्याला मर्यादा असते आणि ती ज्याची त्याची वेगळी असते. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत हृदय कमजोर असलेल्या एका काकांना मी उन्हाळा आहे, पाणी वाढवा असं सरसकट सांगितलं होतं, चौथ्या दिवशी ते पाय सुजलेले आणि रात्री उशी लावून बसून काढलेली असे आले. ते वाचले, पण माझी ती चूक मी विसरलेले नाही.

आणि गोळ्या. बीपीच्या गोळीच्या नावाच्या शेवटी एच किंवा सीटी असेल तर त्यात बहुतेक पाणी काढणारं औषध असतं. शुगरची डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर लघवी वाढते. एरवी ही औषधं उत्तम आहेत, हार्ट आणि किडनीला फायदाच करतात, मी स्वतः रोज लिहिते, तेव्हा हे वाचून कोणी बंद करू नका. पण ज्या दिवशी जुलाब, उलट्या, ताप असेल किंवा जेवणपाणी सुटलं असेल त्या दिवशी यातल्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, मेटफॉर्मिनसुद्धा. कुठल्या थांबवायच्या ते आजच, बरं असतानाच, तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि फ्रिजवर लावा. आणि उपासाच्या आदल्या दिवशीसुद्धा विचारा. मी एकादशीला नको म्हणत नाही, माझ्या आईनं जन्मभर केली, पण ज्येष्ठातली निर्जला या गोळ्यांवर असलेल्या माणसानं पाण्यासकट करावी असं मी आग्रहानं सांगते, देवाला फळं आणि ताक चालतंच की.

लघवीचा रंग बघा असं सगळीकडे वाचाल. तुम्हाला, मिस्टरांना ते चांगलं लागू पडतं, फिकट पिवळी म्हणजे ठीक, गडद मोहरीच्या तेलासारखी म्हणजे पाणी कमी (बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर मात्र भडक पिवळी होतेच, त्यात घाबरायचं नाही). पण सासूबाईंच्या बाबतीत या रंगावर भरवसा ठेवू नका. त्यांची किडनी लघवी घट्ट करू शकत नाही म्हणून अंग सुकलेलं असतानाही लघवी फिकट दिसू शकते. हाताच्या कातडीचा चिमटाही तसाच, म्हातारपणी कातडी सैल असतेच. त्यांच्यात बघायचं म्हणजे दिवसभरात प्रत्यक्ष पोटात काय गेलं ते, उठून उभं राहताना चक्कर येते का, नेहमीपेक्षा गप्प किंवा गोंधळलेल्या वाटतात का, दोन दिवसांत वजन एकदम उतरलं का, आणि शंका आली तर रक्ताची साधी तपासणी, सोडियम, युरिया, क्रिएटिनिन. अचानक गोंधळ उडणं म्हणजे वय झालं असं म्हणून सोडायचं नाही, कधीही नाही.

आता तुमचं. तुमच्या इन्फेक्शनचं आणि शाळेतल्या सात तासांचं नातं सरळ आहे. २०१८ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली, वारंवार मूत्राशयाचं इन्फेक्शन होणाऱ्या आणि रोज दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या १४० बायका होत्या, त्यातल्या निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा इन्फेक्शन झालं, बाकीच्यांना ३.२ वेळा. कुठलंही औषध न देता एवढा फरक! पाणी वाहतं राहिलं की जंतूंना तिथे ठाण मांडायला वेळ मिळत नाही, एवढंच. पण तुम्ही पाणी का पीत नाही हे मला न सांगताच कळलंय, शाळेतलं बाथरूम. घाण असेल, कडी नसेल, मुलांचं आणि स्टाफचं एकच असेल, दोन पिरियडच्या मध्ये वेळ नसेल. माझ्याकडे शिक्षिका, महाराज बाड्याच्या बाजारातल्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुली, बस कंडक्टर बायका सगळ्यांची हीच कथा आहे, आणि हे प्रत्येकीनं एकटीनं सोसायचं प्रकरण नाही. स्टाफमधल्या चारजणी मिळून मुख्याध्यापकांकडे जा, स्टाफचं बाथरूम वेगळं, कडी, बादली-मग, रोजची सफाई. लागलं तर माझ्यासारख्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन जा, मी अशा चिठ्ठ्या दिल्यात आणि दोन ठिकाणी काम झालंय. तोपर्यंत निघताना दोन ग्लास, मधल्या सुट्टीत एक आणि लघवीला जाणं, घरी आल्यावर परत दोन. लघवी तासन्‌तास धरून ठेवू नका. आणि तीन वेळा झालंय तेव्हा एकदा युरीन कल्चर आणि सोनोग्राफी करून घ्या, खडा नाही ना बघायला. खडा असेल तर मग हिशोब वेगळा, दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी, त्यासाठी आपल्याकडे तीन-साडेतीन लिटर प्यावं लागतं, आणि दूध मात्र बंद करायचं नाही, लोक उगीच बंद करतात.

मिस्टरांना सांगा, किडनी दिवसाला जवळजवळ १८० लिटर द्रव गाळते आणि त्यातलं बहुतेक सगळं परत घेते. वरून दोन लिटर जादा ओतल्यानं ती जास्त साफ होते असं काही नाही, विषद्रव्य वगैरे निघून जात नाहीत, फक्त लघवी वाढते. दिवसभरात विभागून पाच लिटर निरोगी तरुण माणसाला उन्हाळ्यात बाधणार नाही, पण जिममध्ये तासाभरात तीन-चार लिटर रिचवणं धोक्याचं आहे, किडनी तासाला जेमतेम एक लिटरच्या आसपास पाणी बाहेर टाकू शकते, त्यापेक्षा जास्त गेलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि मेंदूला सूज येते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तर १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं, आणि शर्यतीत पाणी इतकं प्यायलेले की वजन वाढलं, अशांमध्ये ते जास्त होतं. त्यांनी व्यायामाआधी आणि नंतर वजन करावं, जितकं उतरलं साधारण तितकं पाणी, चिमूटभर मीठ-लिंबू घालून, हळूहळू. आणि त्यांचं माप आईला लावू नये. हे मात्र त्यांना नक्की वाचून दाखवा.

बाळाचं उत्तर एका ओळीचं आहे. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, पाणी नाही, ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यातसुद्धा नाही. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. पाण्यानं इवलंसं पोट भरतं, दूध कमी जातं, आणि जुलाबाचे जंतू बहुतेक त्या वाटीचमच्यातूनच येतात. तिघरा धरणाची पातळी उतरली की नळ एक दिवसाआड येतात, टँकर येतात, साठवलेलं पाणी कसं असतं ते आपण सगळेच बघतो. उकाडा असेल तर बाळाला जास्त वेळा पाजायचं, आणि पाणी नणंदेला द्यायचं, पाजायला बसली की शेजारी भरलेला पेला हवाच. बाळाची लघवी दिवसातून सहा-आठ वेळा होतेय ना, मग निश्चिंत राहा.

आता ओआरएसबद्दल, म्हणजे जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याबद्दल, कारण उन्हाळ्यात घराघरात चुकीचं दिलं जातं. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पुड्या करून पिंपांतून पाणी पाजायला सुरुवात केली, पाजणारे बहुतेक रुग्णांच्या घरचेच लोक. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चारच्या खाली आलं. यामागचं कारण असं की आतड्यात मिठाला आत न्यायला ग्लुकोजची सोबत लागते, दोघं ठराविक प्रमाणात एकत्र गेले की पाणी त्यांच्यामागून आत जातं. प्रमाण बिघडलं, साखर जास्त झाली की उलटं होतं, पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणून टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) असल्या पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली ती याचसाठी. पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघून घ्या, एक लिटरचं अख्खं पाकीट एक लिटर पाण्यातच, ग्लासात थोडं थोडं टाकून नाही, आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ, चव डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. शुगर असलेल्या सासूबाईंनाही जुलाब होत असताना ओआरएस द्यायचं, त्यातली साखर त्यावेळी औषध आहे. पण एरवी बरं असताना रोज उन्हाळा म्हणून ओआरएस नको, बीपी आहे त्यांना, मीठ वाढतं.

चहानं अंग सुकतं म्हणतात ते नेहमी पिणाऱ्यांच्या बाबतीत खरं नाही, दोन-तीन कप चहा पाण्याच्याच हिशोबात धरा. जेवताना पाणी पिऊ नये यातही तथ्य नाही, आमचे आजोबा आपोष्णी घेऊनच जेवायला सुरुवात करायचे. बद्धकोष्ठाला नुसतं पाणी वाढवून उपयोग होत नाही, भाजी-फळं आणि चालणंही लागतं.

फक्त एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. उन्हातून आलेला किंवा बंद खोलीत असलेला माणूस अंगानं भट्टीसारखा तापलाय, १०४ च्या वर, आणि बोलणं असंबद्ध आहे किंवा शुद्ध जातेय, तर हा उष्माघात, त्याच्या तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर साधं पाणी शिंपडत पंखा किंवा कूलर पूर्ण जोरात लावा. आपल्या कोरड्या हवेत हे फार झपाट्यानं काम करतं, ती मिनिटं वाया घालवू नका.

सासूबाईंना या आठवड्यात एकदा घेऊन या किंवा तुमच्या जवळच्या डॉक्टरांकडे न्या, सोबत सगळ्या गोळ्यांची पिशवी, तीन दिवसांत किती फुलपात्रं झाली तो कागद, आणि बीपी बसून आणि उभं राहून दोन्ही घ्यायला सांगा. खोलीत जाताना मिस्टरांना बाहेरच बसवा.